खुम्बोला रडू द्यायचं नाही

खुम्बो जन्मला तेव्हापासून तिओंगेच्या मागे एकच काम लागलं होतं. या पोराला रडू द्यायचं नाही. बाकीच्या बाया पोर रडलं की एक धपाटा घालून मोकळ्या होतात. तिओंगेला ती चैन नव्हती. खुम्बो रडला की त्याच्या उजव्या जांघेत गाठ फुगून यायची, आधी लिंबाएवढी, मग अंड्याएवढी. रडणं जितकं मोठं, तितकी गाठ मोठी. मग ही हातातलं काम टाकून धावायची. त्याला पाठीवर घ्यायची, चितेंजेच्या कापडानं घट्ट बांधायची आणि अंगणात येरझाऱ्या घालत काहीबाही गुणगुणत राहायची. रडणं थांबलं आणि गाठ हळूच आत सरकली की तिच्या जिवात जीव यायचा.

यावरून तिनं टोमणेही भरपूर खाल्ले. "राजपुत्र आहे बाई," सासू म्हणायची. "त्याच्या डोळ्यात पाणी आलं तर नदीला पूर येईल. न्याझगांबो, चुलीवर सिमा करपतोय तिकडं!"

न्याझगांबो म्हणजे झगांबोंची पोरगी. आमच्या म्झिंबा जिल्ह्यात सुनेला तिच्या नावानं कोणी हाक मारत नाही, बापाच्या कुळावरून मारतात. मान द्यायची रीत आहे ती, असं म्हातारे सांगतात. असेलही. पण दिवसातून पन्नासदा कोणी तुम्हाला 'परक्यांची पोरगी' म्हणून बोलावलं, तर मान वाटतो की आणखी काही, हे बोलावणाऱ्याला कधीच कळत नाही. तिओंगे हे नाव घेणारा एकच माणूस त्या घरात होता, तिचा नवरा रॅब्सन, आणि तो जोनीला होता. आमच्याकडचे निम्मे पुरुष जोहान्सबर्गला असतात. रॅब्सन तिथं लोकांच्या न्हाणीघरांना फरशा बसवायचा आणि खुम्बोच्या जन्मानंतर एकदाच घरी येऊन गेला होता.

खुम्बोच्या गाठीवर सासूचं औषध चालू होतं. सासूला सगळं गाव गोगो म्हणायचं, म्हणजे आजी, आणि तिच्या हाताला गुण होता. अंगावर ब्लेडच्या टोकानं बारीक बारीक चिरा द्यायच्या आणि त्यात काळी राख चोळायची, हे तिचं काम. डोकं दुखलं की कपाळावर, छाती भरली की छातीवर. लांबलांबून माणसं यायची तिच्याकडे. खुम्बोच्या उजव्या जांघेवर तर तिनं इतक्यांदा चिरा दिल्या होत्या, की तिथली कातडी काळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. पोरगं शहाणं. स्वतःच पाठीवर निजून चड्डी खाली करायचं आणि ओठ दाबून पडून राहायचं, कारण रडलं की गाठ येते हे त्यालाही ठाऊक झालं होतं.

गोगोचं नातवावर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. ताटातला माशाचा मोठा तुकडा कायम त्याचाच असायचा.

मग गेल्या थंडीत एक दिवस गाठ आली आणि आत जाईचना. दगडासारखी झाली. पोर हिरवं ओकायला लागलं. गोगो ब्लेड शोधेपर्यंत तिओंगेनं मोटरसायकलवाल्याला हाक मारली आणि जिल्ह्याचं हॉस्पिटल गाठलं. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी खुम्बोला गुंगीचं औषध दिलं, खाटेची पायाकडची बाजू उंच केली आणि बोटांनी दाबत दाबत कितीतरी वेळानं ती गाठ आत ढकलली.

"आज आतडं वाचलं," ते घाम पुसत म्हणाले. "पुढच्या खेपेला वाचेलच असं नाही. अंतर्गळ आहे हा. औषधानं जात नाही, चिरांनी तर नाहीच. ऑपरेशन करून घे."

"तुम्ही करा ना."

"मोठ्या माणसांचं करतो. तुझा दीर वायसन, त्याचं मीच केलंय. पण लहान मुलांचं ब्लांटायरला चांगलं होतं. तिथं दुर्बिणीनं करतात. चिठ्ठी देतो."

ब्लांटायर म्हणजे देशाचं दुसरं टोक. कुळाच्या पोराला घेऊन एकट्या सुनेनं एवढ्या लांब जायचं नसतं, बरोबर घरातला पुरुष हवा. वायसन येतो म्हणाला होता. पण त्याची तंबाखू निवडायची होती, मग गठ्ठे बांधायचे होते, मग ट्रकची वाट बघायची होती. "परवा निघू, वहिनी," असं तो रोज म्हणायचा, आणि त्याचा परवा काही उजाडत नव्हता. रोज रात्री तिओंगे खुम्बोच्या जांघेवर हात ठेवून झोपायची. एके सकाळी तिनं त्याला पाठीवर बांधलं, गोगोसमोर गुडघे टेकून "जाते" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता रस्त्याला लागली. तिची चूक म्हणायची तर ही एवढीच.

ब्लांटायरला तिचं कोणी नव्हतं. मुलांबरोबर आलेल्या आयांना राहायला हॉस्पिटलच्या मागे एक शेड होती. तिथं रांगेनं चुली आणि रांगेनं चटया. बाया भराभरा चेवा बोलायच्या आणि हिची शाळेतली चेवा ऐकून तोंडावर हात धरून हसायच्या. खुम्बोला सर्दी झाली होती. छातीत कफ असताना भूल देता येत नाही म्हणून डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. मग सर्दी गेली आणि खोकला राहिला, म्हणून पुन्हा ढकलली. तेवढ्यात शेडमधून तिचा फोन चोरीला गेला. संध्याकाळी भिंतीला टेकून ती एकटीच बसायची. समोर सगळ्या बाया आपापल्या घरी बोलत असायच्या, आणि आपण कुठल्या कुठं येऊन पडलोय, मेलो तर कळवायचं कोणाला हेही इथं कोणाला माहीत नाही, असं तिला वाटायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. ठेंगण्याशा, पायात रबरी चपला. खाटेवर बसून त्यांनी विचारलं, "नाव काय?"

"खुम्बो."

"त्याचं कळलं. तुमचं?"

"खुम्बोची आई."

"अहो, तुमचं स्वतःचं काहीतरी असेल की!"

"तिओंगे," ती म्हणाली. स्वतःच्याच तोंडून ते नाव ऐकून तिला कसंतरीच झालं.

डॉक्टरबाईंनी मग सगळं खुम्बोलाच समजावून सांगितलं. त्याच्या पोटात एक छोटं दार आहे, ते जन्माच्या आधीच बंद व्हायला हवं होतं, पण ते उघडं राहिलं आणि त्यातून आतडं बाहेर डोकावतं. आता त्याला झोपवायचं, पोटात फुग्यासारखी हवा भरायची, बेंबीतून एक बारीक दुर्बीण आत घालायची आणि ते दार सुई-दोऱ्यानं शिवून टाकायचं.

"फुगा फुटला तर?" खुम्बोनं विचारलं.

"मी बरेच फुगे फुगवलेत. अजून एकही फुटला नाही."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून त्या बाहेर आल्या तेव्हा हसतच होत्या. "दुर्बीण आत घातली ते बरं झालं. डावीकडचं दारही किलकिलं होतं. वरून कळलंच नसतं. दोन्ही बंद केली."

"कापलं केवढं?" तिओंगेला त्याचीच धास्ती होती. वायसनचा व्रण तिनं पाहिला होता. अख्ख्या गावानं पाहिला होता.

"कापलंच नाही म्हणा ना. एक भोक बेंबीच्या घडीत, आणि दोन्हीकडे सुईचं टोक गेलं तेवढं. महिन्याभरानं शोधलंत तरी सापडायचं नाही." त्या निघाल्या आणि दारातून परत वळल्या. "आणि हे बघा, जखम भरली की त्याला खुशाल रडू द्या. काही होणार नाही आता."

तिओंगे इतकी हसली, की वॉर्डातल्या बायाही हसायला लागल्या. शेजारच्या खाटेवरच्या पोरीचा बाप, थ्योलोकडचा नाखुम्वा म्हणून एक गृहस्थ होता. त्यानं स्वतःचा फोन पुढे केला. "लावा, आमाई. पोराच्या बापाला कळू दे."

जोनीला फोन लागला. मागे यंत्रांचा आवाज. "रॅब्सन! झालं! अरे, कापलंच नाही! पोर धडधाकट आहे, कुठं काही कापलंच नाही!" ती ओरडून सांगत होती आणि तिच्या आनंदानं नाखुम्वाही मोठमोठ्यानं हसत होता.

"हा कोणाचा फोन?" रॅब्सननं विचारलं. "कोण हसतंय तिथं?"

ती सांगायला लागली, तोवर फोनमधले पैसे संपले.

*

घरी पोचली त्या दुपारी गोगो अंगणातच होती. तिनं नातवाला उचललं, त्याचे मुके घेतले आणि तिथल्या तिथं त्याची चड्डी खाली केली.

"कुठं कापलंय?"

"इथं, बेंबीत," तिओंगे गुडघ्यांवर बसून म्हणाली.

गोगोनं बेंबी दोन बोटांनी फाकवून पाहिली. मग पोराला उजेडात नेऊन पाहिलं. मग तिनं हाक मारली, "वायसन! इकडं ये जरा. ही म्हणते ऑपरेशन झालंय."

वायसन आला, त्याच्या मागोमाग त्याची बायको लिनेसी आली. वायसननं वाकून पाहिलं आणि तो हसत सुटला. "हे? हे ऑपरेशन? अगं वहिनी, हे तर डास चावलेत!" आणि त्यानं शर्ट वर केला. त्याचा व्रण अख्ख्या गावाला पाठ आहे. बिअरचं मडकं अर्धं झालं की तो दाखवायचाच. जांघेपासून तिरका वर गेलेला, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठसे, पँटच्या चेनसारखा. "ऑपरेशन याला म्हणतात. महिनाभर खोकता येत नव्हतं मला. आणि हा पोरगा बसमधून उतरून उड्या मारत आलाय!"

"दुर्बिणीनं केलंय," तिओंगे म्हणाली. "आतून शिवलंय. जांघेतही सुई टोचलीय."

"दाखव," गोगो म्हणाली.

तिनं बोट ठेवलं, आणि तिचा हात तिथंच थांबला. उजव्या जांघेत गोगोच्या चिरांचे काळे ठिपके इतके दाट होते, की त्यातला सुईचा कुठला हे देवालाही सांगता आलं नसतं. "हे सगळं माझं काम आहे," गोगो म्हणाली. "माझा हात मी ओळखते."

हॉस्पिटलचा कागद होता. लिनेसीनं तो पालथा करून पाहिला आणि परत दिला. कागदाचं काय, कोणीही काहीही लिहून देतं.

"खोक रे," गोगोनं खुम्बोला सांगितलं. तो खोकला. "आणखी जोरात. आता ती बादली उचल." त्यानं तोंड लाल करून पाण्याची बादली उचलली. गोगोनं जांघेवर हात धरून ठेवला होता. गाठ आली नाही. पुन्हा उचलायला लावली. तरी आली नाही.

"बघा!" तिओंगे म्हणाली. आपण गुडघ्यांवर आहोत आणि मान खाली हवी हे ती विसरली. "बघा, गेली की नाही?"

गोगोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. खरं पाणी, खोटं नाही. तिनं नातवाला छातीशी धरलं आणि म्हणाली, "लागलं. माझं औषध लागलं. मी म्हणत होते ना, वेळ लागेल पण लागेल!" मग डोळे पुसून तिनं सुनेकडे पाहिलं. आवाज अगदी शांत होता. "आणि तू, न्याझगांबो, एवढे दिवस तिकडं काय करत होतीस?"

तिओंगेनं हॉस्पिटलचा कागद पुन्हा पुढे केला. इतक्या उघड गोष्टीला उत्तर काय द्यायचं असतं?

त्यानंतर ते पसरायला वेळ लागला नाही. विहिरीवर ती गेली की बोलणं बंद व्हायचं आणि निघाली की सुरू व्हायचं. एकटी गेली, फोन बंद, आणि लागला तेव्हा कोणातरी पुरुषाचा. पोराला म्हणे कापलं, आणि पोराच्या अंगावर ओरखडा नाही. लिनेसी तेवढी चांगली होती. ती फक्त गप्प राहायची. तिओंगे एकटी स्वयंपाक करायची, एकटी जेवायची, आणि खुम्बो पडून भोकाड पसरायच्या बेतात दिसला की सवयीनं अजूनही धावत जाऊन त्याला उचलायची. रडू द्या म्हणाल्या होत्या डॉक्टरबाई. पण हातांना ते कोण सांगणार?

तिच्याजवळ एकच पुरावा होता, त्या दुपारी दाखवायचा सुचला नव्हता तो. डावी जांघ. तिथं गोगोनं कधीच चिरा दिल्या नव्हत्या, आणि तिथं मोहरीएवढा एक ठिपका होता, सुईचा. खुम्बोला आंघोळ घालताना ती तो रोज पाहायची. तो रोज थोडा फिका होत होता.

*

रविवारी प्रार्थनेनंतर आंब्याखाली घरची माणसं जमली. सासरे लाकडी खुर्चीवर, कुळातले दोन म्हातारे बाकावर, वायसन उभा. मध्ये स्टुलावर वायसनचा फोन ठेवला होता आणि फोनमध्ये रॅब्सन होता. तिओंगे बाजूला लांब चटईवर गुडघे टेकून, मान खाली घालून बसली. आमच्याकडे सून सासऱ्यांपुढे तोंड उघडत नाही. तिचं म्हणणं दुसरी बाई पोचवते. ते काम लिनेसीकडे आलं होतं. ती चटईपाशी यायची, कान द्यायची, आणि मग बाकापाशी जाऊन सांगायची.

"विचार तिला," एक म्हातारा म्हणाला, "तो फोनवाला कोण होता?"

लिनेसी आली, गेली. "ती म्हणते, शेजारच्या खाटेवरच्या पोरीचा बाप होता."

"सगळ्याच गोष्टीत कोणीतरी शेजारचा असतो," वायसन पुटपुटला.

"तूच मला म्हणालीस," फोनमधून रॅब्सनचा आवाज आला. त्याला चटई, बाक, रीत काही दिसत नव्हतं. तो सरळ तिच्याशीच बोलत होता. "तूच म्हणालीस, कापलंच नाही. तिओंगे, मी इथं दिवसभर गुडघ्यांवर असतो. शेजारचे लोक येऊन सांगतात, तुझ्या बायकोबद्दल असं ऐकलं, तसं ऐकलं. मी काय सांगू त्यांना?"

किती दिवसांनी कोणी तिला नावानं हाक मारली होती. तिला रडू फुटत होतं. तिनं लिनेसीचा हात धरला. "सांग, खूण आहे. गोगोंनी जिथं कधी कापलं नाही तिथं आहे. येऊन बघा म्हणावं."

लिनेसी बाकापाशी जाऊन उभी राहिली. "ती म्हणते, खूण आहे."

"कुठं?"

लिनेसीनं मागे वळून पाहिलं. तिओंगेनं मान हलवली. "जांघेत," लिनेसी म्हणाली. "डाव्या."

सासऱ्यांनी खुर्चीचे हात धरले, उठले, आणि कोट सारखा करत घरात निघून गेले. सुनेच्या बोलण्यात असली जागा सासऱ्यापुढे येणं, मग ते दुसरीच्या तोंडून का असेना, म्हणजे लाज सोडल्यासारखंच. म्हातारे जमिनीकडे बघत बसले. तो ठिपका तिथं होता, अंगणात खेळणाऱ्या पोराच्या अंगावर, हाकेच्या अंतरावर. पण तो बघायला आता त्यांच्यातलं कोणी उठणार नव्हतं.

"फोटो पाठव," रॅब्सन म्हणाला. "भांडत नाही मी. कापल्याची खूण असेल तर फोटो पाठव. वायसनची आहे तशी. मी इथं चार लोकांना दाखवीन आणि विषय संपला. नसेल तर..." वायसननं फोन उचलून खिशात टाकला.

नसेल तर काय, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सुनेला बापाकडे पोचवायचं. पोर इथंच राहणार. लग्नात मुलीच्या बापाला गायी मोजून दिलेल्या असतात, पोर कुळाचं असतं. त्यात वाद घालायला जागाच नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. लिनेसीनं तिचा जुना फोन न बोलता तिओंगेच्या हातात ठेवला आणि ती शेतावर निघून गेली. तिओंगेनं खुम्बोला गवताच्या कुडाच्या न्हाणीत नेलं, आंघोळ घातली आणि डाव्या जांघेवरचा ठिपका शोधला. उजेडाकडे वळवून शोधला, कातडी ताणून शोधला. डॉक्टरबाई शब्दाच्या पक्क्या निघाल्या. तिथं आता काहीच नव्हतं.

गोगोचा ब्लेडचा डबा छपराच्या गवतात खोचलेला असायचा. तो आपण केव्हा काढून आणला हे तिला नंतर आठवेना. एक रेघ. बोटाएवढी लांब, खोल नाही, वरच्यावर. रक्त येईल, खपली धरेल, खपलीचा फोटो जाईल. रॅब्सन चार लोकांना दाखवील. विहिरीवरच्या बायांची तोंडं बंद होतील. पोर माझं पोर राहील. एक रेघ, त्यापेक्षा कितीतरी जास्त गोगोनं दिल्यात. तिच्या मनात हे असं भराभरा चाललं होतं, आणि ते सगळं तिला अगदी बरोबर वाटत होतं.

खुम्बोनं ब्लेड पाहिलं. काही न विचारता तो ओल्या दगडावर पाठ टेकून निजला आणि दोन्ही हात त्यानं बाजूला ठेवले.

"गोगो कापते तसं?" त्यानं विचारलं.

"हं."

"पण माझं दार बंद झालंय ना?"

तिनं त्याच्या डाव्या जांघेवरची कातडी ताणून धरली.

"बरं, काप," तो म्हणाला आणि त्यानं डोळे घट्ट मिटले. "मी नाही रडणार, आई."

पाच वर्षं हे पोर रडू नये म्हणून ती जिवाचं रान करत आली होती, आणि तेच पोर आता तिच्या हातून कापून घेताना न रडण्याचं वचन देत होतं. तिला स्वतःची किळस आली. तिनं ब्लेड संडासाच्या खड्ड्यात फेकून दिलं.

"ऊठ," ती म्हणाली. "फोटो काढायचाय. हस बघू."

तो हसला. समोरचे दोन दात पडलेले, ओलं अंग, फुगवलेलं पोट, आणि त्या पोटावर कुठंही काही नाही. तिनं तोच फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'हेच आहे. यापेक्षा जास्त काही नाही. बरा झालाय.' फोटो पोचला आणि पाहिला गेल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. मग ती वाट बघत बसली. लिनेसी शेतावरून परतेपर्यंत ती फोनकडे बघत होती.

रॅब्सनचा फोन संध्याकाळी आला, पण तो गोगोच्या फोनवर. ती नुसतं "हं, हं" करत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तू म्हणशील तसं, बाळा."

*

सकाळी वायसननं सायकलच्या मागे तिचं गाठोडं बांधलं. तिला बापाच्या घरी पोचवायचं काम त्याचं होतं. या खेपेला मात्र त्याचा परवा पहिल्याच दिवशी उजाडला. रॅब्सन येईल तेव्हा बघू, असं सगळ्यांनी सांगितलं. केव्हा येईल हे कोणी सांगितलं नाही.

तिओंगेनं गोगोसमोर गुडघे टेकले. "रात्री तो पांघरूण लाथाडतो," ती म्हणाली. "आणि बटाटा गरम असला तर..."

"मला शिकवू नको. माझा नातू आहे."

खुम्बोला कोणी काही सांगितलं नव्हतं. आई बाजाराला चाललीय असं त्याला वाटलं, आणि पाठीवर बसायला तो तिच्या मागे धावला. गोगोनं त्याला धरलं. तो सुटायला बघू लागला. आई थांबत नाही, मागे वळत नाही, असं त्याला दिसलं आणि मग तो रडला.

असा तो कधीच रडला नव्हता. त्याला तशी कोणी संधीच दिली नव्हती. आधी एक लांब किंकाळी, मग श्वास कोंडला, मग सगळं अंग ताणून तो बोंबलू लागला. तिओंगेचे पाय आपोआप मागे वळले. पाच वर्षांची सवय होती ती. हात पाठीमागे गेले, चितेंजेची गाठ सोडायला.

"वहिनी," वायसन हळू आवाजात म्हणाला. "नको. चला."

ती तिथंच उभी राहिली. गोगोच्या हातात खुम्बो धनुष्यासारखा वाकला होता, चड्डी धडपडीत खाली आलेली, तोंड उघडं, मानेच्या शिरा तटतटलेल्या. तिओंगे तोंडाकडे बघत नव्हती. तिची नजर सवयीनं जिथं जायची तिथंच गेली होती. उजवी जांघ सपाट होती. डावीही. तो रडत होता, पोटातून, जीव खाऊन रडत होता, आणि काहीही बाहेर येत नव्हतं.

गोगोचाही हात तिथं गेला. तिनं चाचपून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "लिनेसी, बघ गं!" ती ओरडली. "एवढा रडतोय आणि गाठ नाही! हात आहे हा, हात!"

रड, तिओंगे मनात म्हणाली. रड, बाळा. आता तुला रडता येतं. त्यासाठीच तर गेले होते मी एवढ्या लांब.

वायसननं सायकल ढकलायला सुरुवात केली. ती त्याच्या मागून चालू लागली. तंबाखूच्या शेडी मागे पडल्या, विहीर मागे पडली, तरी ते रडणं ऐकू येत होतं. पुढच्या वळणानंतर ते थांबलं. गोगोनं त्याला उचललं असेल, किंवा तो दमला असेल.